दामिंग राजवाड्याचं निवेदन

१३ मे

डॉक्टरांनी आज सरळ सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं बंद.

सहदेव त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या घशाकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "गणपतीनंतरची तारीख मिळेल का?"

डॉक्टर म्हणाले, "काका, गणपतीपर्यंत थांबलो तर मग ऑपरेशनचा उपयोग नाही." जूनच्या मधली तारीख दिली.

बाहेर आल्यावर सोनल चिडली. "बाबा, तुम्हाला आत्ता गणपती सुचतोय?"

"दरवर्षी सुचतो. याच वर्षी कसा नाही सुचणार?" आवाज इतका बसलाय की तिला परत विचारावं लागलं, काय म्हणालात.

लेकीला तरी कसं कळणार. ती ठाण्याला सासरी, तिच्या सोसायटीत डीजे लागतो. मंडळाच्या हलत्या देखाव्याचं निवेदन तिच्या बाबांनी आमच्या लग्नाच्याही आधीपासून केलंय. मी त्याला पाहण्याआधी ऐकलं होतं. टेंभी नाक्याजवळ राहणारी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. वर्गात मराठी शब्द निघाला की सिस्टर डोळे वटारायच्या. आतेबहिणीकडे डोंबिवलीला गणपती बघायला आले होते. मंडपातले दिवे गेले, पडदा बंद, आणि त्या काळोखातून कुणीतरी बोलायला लागलं. आपली भाषा इतकी देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं. देखावा कशाचा होता, आठवत नाही.

२० मे

मंडळाची बैठक आमच्याकडेच झाली, सहदेवला जिने नकोत म्हणून. सेक्रेटरी ऋतुराज होता, आणि डेकोरेशनवाला काळुराम. काळुराम मानपाड्याच्या पलीकडच्या गावातला. देखाव्याचं सगळं सामान त्याच्या गोदामात.

या वर्षीचा विषय सहदेवने सुचवलाय. चीनमधल्या शीआन शहरातला दामिंग राजवाडा. आपल्याकडे चालुक्यांच्या राज्यात येऊन गेलेला तो चिनी भिक्खू ज्या नगरात परतला, तिथला. सहदेवने यूट्यूबवर पाहिला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी तिथल्या सम्राटाने तो म्हाताऱ्या वडिलांसाठी बांधायला घेतला, उन्हाळ्यात त्यांना गारवा मिळावा म्हणून. वडील राहायला जाण्याआधीच गेले. पुढे दोनशेहून जास्त वर्षं तिथून राज्य चाललं. मग लढाया, आगी.

ऋतुराज म्हणाला, "काका, चीन? पब्लिक भडकेल ना."

"भडकतील कशाला," काळुराम म्हणाला. "मंडपाच्या भायेर चायनीजची गाडी लावू. दर्शन घ्या, मंचुरियन खा."

सगळे हसले. सहदेवही हसला आणि त्याला ठसका लागला. तो थांबेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग सहदेवने त्यांना फोटो दाखवले. आज तिथे राजवाडा नाहीच. कुटून कुटून दगडासारखे केलेले मातीचे चौथरे आहेत, मोठ्या बागेत राखून ठेवलेले. एका महालाचे खांब गेलेत, तर त्यांच्या जागी नुसते दगड ठेवलेत. देखाव्यात आधी राजवाडा दिसावा, मग लाल दिवे, धूर, आणि शेवटी छप्पर, भिंती सगळं मागे सरकून नुसता चौथरा उरावा, असं त्याचं म्हणणं.

काळुराम डोकं खाजवत म्हणाला, "काका, लोका फोटो काढाला येतान. मोकला ओटा बगून कोन फोटो काढील?"

"तू ओटा नीट कर. रंग मी देतो." रंगाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. त्या मातीचा रंग कसा मिळवायचा हे त्याने काळुरामला तासभर समजावलं, कागदावर लिहून, कारण तोवर आवाज गेला होता.

२९ मे

निवेदन लिहून झालं. मला वाचून दाखवलं. सुरुवात त्याची नेहमीची, हळूहळू दार उघडावं तशी. शेवट मात्र असा: "मंडळी, आता इथे काही नाही. ज्यांनी ही जागा राखली त्यांनी तिच्यावर दुसरा राजवाडा चढवला नाही. जे उरलं, ते झाकून, जपून ठेवलं. पाहा. एवढं उरलं आहे."

मी म्हटलं, "फार उदास आहे रे. गणपतीत लोकांना आनंद हवा असतो."

"उदास नाहीये ते. नीट ऐक."

परत वाचलं. मला उदासच वाटलं. पण हो म्हटलं.

८ जून

कोपरला स्टेशनजवळ तळमजल्यावर एक छोटा स्टुडिओ आहे, तिथे रेकॉर्डिंग झालं. ऋतुराज गाडी घेऊन आला होता. सहदेवने इस्त्रीचा झब्बा घातला होता. आवाजच टिपणार होते, पण तो म्हणाला, झब्ब्याशिवाय जमत नाही.

काचेच्या आत तो एकटा. मी बाहेर. पहिली ओळ ठीक गेली. मग आवाज फाटायला लागला. खरवडल्यासारखा, मधे शिट्टी, मधे नुसती हवा. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, कट करू? परत घेऊ." सहदेवने हाताने नाही म्हटलं. शेवटपर्यंत एका दमात गेला. म्हणजे दम कुठे होता, पण गेला.

मी मधेच उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. ऋतुराज मागून आला. "काकू, ठीक आहात ना?"

मी म्हटलं, "मला ऐकवत नाही रे तो आवाज. हा त्याचा आवाजच नाही."

परत येताना गाडीत सहदेव खूश होता. मला मंडळाची कीव आली. इतक्या वर्षांच्या माणसाला आता नाही कसं म्हणणार ते?

१५ जून

उद्या सकाळी ऑपरेशन. हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही दोघंच. मला वाटलं होतं आज तो खूप बोलेल. तो बोललाच नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचं प्लास्टर चाललं होतं ते बघत राहिला. मीही बोलले नाही, त्याला उत्तर द्यायला लागेल म्हणून. शाळेत शिकलेली सकाळची प्रार्थना मनात म्हणत होते, इंग्रजीत, आणि मग वाटलं, ती तर शाळा सुरू होतानाची आहे.

नर्स आली तेव्हा तो म्हणाला, "पंखा जरा कमी करता का?" तिने केला. त्यानंतर काही बोलला का, मी आठवून आठवून बघते आहे.

२ जुलै

घरी आणलं. गळ्यावर जाळीचा छोटा रुमाल. एक पांढरी पाटी आणि मार्कर, आणि मला बोलवायला देवघरातली घंटा. मी स्वयंपाकघरात असले की तो घंटा वाजवतो. शेजारच्या शेवंतीताई विचारत होत्या, "तुमच्याकडे दिवसभर कसली आरती चालते?" सांगितल्यावर बिचाऱ्या रडल्या.

तो शांत आहे. मी जास्त बोलते. त्याच्या वाटणीचंही मीच बोलते. "हो ना, आज उकडतंय नाही?" असं म्हणते आणि मीच "हो" म्हणते.

१९ जुलै

सहदेव झोपला असताना ऋतुराज आला. हळू आवाजात म्हणाला, "काकू, ते कोपरचं रेकॉर्डिंग कमिटीने ऐकलं. खरं सांगू? मंडपात वाजवता नाही येणार. लहान मुलं घाबरतील. पण आयडिया आहे. काकांच्या जुन्या कॅसेट आहेत ना तुमच्याकडे? एआयवर टाकायच्या. सेम काकांचा आवाज येतो, तरुणपणीचा. काहीही लिहून द्या, बोलतो. काकांना सांगू नका. सरप्राइज."

मी विचारलं, "खरंच त्याचा आवाज येईल?"

"सेम टू सेम. तुम्ही फरक नाही सांगू शकणार."

कॅसेट वरच्या कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. स्टूल लावून काढल्या आणि पिशवीत घालून दिल्या. ऋतुराज गेल्यावर मी गुणगुणत स्टूल जागेवर ठेवलं. किती दिवसांनी काही चांगलं माझ्या हातून होतंय असं वाटलं.

निवेदन तेच ठेवणार ना, हे विचारायचं राहिलं. तेच ठेवतील. दुसरं कोण लिहिणार?

२७ ऑगस्ट

गणपती आले. संध्याकाळी सहदेव झब्बा घालून तयार. गळ्याच्या रुमालावर मी त्याच्या क्रीम रंगाच्या उपरण्याचा तुकडा लावून दिला. पहिल्या रांगेत आम्हाला खुर्च्या ठेवल्या होत्या. सोनल आणि जावईही आले होते.

दिवे गेले. आणि तो आवाज आला.

मी काय लिहू. तोच आवाज, लग्नाआधीचा. अंधारात मी एकोणीस वर्षांची होऊन बसले होते, आतेबहिणीचा हात धरून. पडदा उघडला, लाल खांब, सोनेरी छप्पर, पायऱ्यांवरून सरकणारे दरबारी. काळुरामने जीव ओतलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, सहदेवकाकांचा आवाज. ते तर बोलू शकत नाहीत ना?"

शेवट बदललाय. लाल दिवे, धूर काही नाही. राजवाडा आणखी उजळतो आणि आवाज म्हणतो, "आजही हा राजवाडा त्याच दिमाखात उभा आहे." मग मोरया.

सहदेवने माझी बाही घट्ट धरली होती. पूर्ण निवेदन संपेपर्यंत सोडली नाही. त्याचे डोळे भरले होते. मलाही रडू आवरेना. सोनल म्हणाली, "बाबा, कसं वाटलं?" त्याने मान हलवली, कशी ते कळलं नाही. लोक येऊन पाया पडत होते, सेल्फी घेत होते.

घरी आल्यावर तो जेवला नाही. इतक्या दिवसांनी इतकी माणसं, दमला असणार. मी मात्र खूप आनंदात आहे.

२९ ऑगस्ट

काल आणि आज सकाळीही त्याने पाटीला हात लावला नाही. घंटाही नाही. मी विचारलं, "दुखतंय का?" नाही. "माझं काही चुकलं?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

दुपारी तो घरात नव्हता. चप्पल नव्हती. मी धावत मंडपात गेले. तो पाटी घेऊन ऋतुराजसमोर उभा. पाटीवर लिहिलं होतं, "उभा नाही."

ऋतुराज म्हणत होता, "काका, रिलॅक्स. चीनला जाऊन कोण चेक करणार आहे? पब्लिकला आवडतंय. कालपासून रील व्हायरल आहे."

सहदेवने पुसलं, लिहिलं, "माझ्या तोंडून खोटं."

"ओके, लाइन बदलतो ना. दोन मिनिटांचं काम. तुम्ही म्हणाल ते बोलायला लावतो त्याला."

सहदेवने पुन्हा पुसलं. "माझं रेकॉर्डिंग कुठे आहे?"

ऋतुराजने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काका, ते... स्टुडिओवाल्याने जागा करायला जुन्या फाइल उडवल्या. माझा फोन पण मधे फॉरमॅट झाला. आणि काकूच म्हणाल्या होत्या ना, तो काकांचा आवाजच नाही, ऐकवत नाही म्हणून."

मी तिथे उभी होते. काळुराम शिडीवर होता, तो खाली उतरला आणि उगाच बल्ब पुसायला लागला.

सहदेव माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पाटी माझ्या हातात दिली, कारण त्याला खुर्ची धरायची होती.

मला वाटलं होतं मी त्याला त्याचा आवाज परत देते आहे. त्याचा जो खरा आवाज होता, तो त्याने आठ जूनला स्वतःच दिला होता, उरलेला सगळा. आणि मी तेव्हा उठून बाहेर गेले होते.

३१ ऑगस्ट

गौरी आणल्या. पावलं मी काढली. सहदेवने पाटीवर लिहिलं, "ऋतुराजला सांग. आवाज वाजू दे, मला नको म्हणून मुलांचा उत्साह घालवू नकोस. पण बोर्डावर माझं नाव नको."

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांना माहितेय तूच..."

त्याने बोट दाखवलं, शेवटच्या ओळीकडे. नाव नको.

६ सप्टेंबर

विसर्जन. आज शेवटचा देखावा बघायला मी एकटी गेले. बोर्डावर "निवेदन" या शब्दापुढे काहीच नव्हतं. ऋतुराजने सहदेवच्या नावावर घाईत पांढरा कागद चिकटवलाय. खालून अक्षरं पुसट दिसत होती.

काळुराम माझ्याजवळ आला. "काकी, काकांना सांगा, ओटा मी केलाय. आत हाय. कोनी बगला नाय, पन केलाय. त्यांनी सांगलेला तोच रंग."

त्याने मागे नेऊन दाखवला. सोनेरी भिंतींच्या आत, टॉर्चच्या उजेडात, पिवळसर तांबूस मातीचा चौथरा. वर खांबांचे गोल दगड. मी हात लावला. माती खरीच होती, कुटलेली. लाकडावर रंग देऊनही भागलं असतं.

घरी येऊन सहदेवला सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

२१ सप्टेंबर

सोनल आली होती. तिने तो आवाज ऋतुराजकडून घेऊन बाबांच्या फोनवर टाकलाय. "बाबा, तुम्ही टाइप करायचं, फोन बोलेल. तुमच्याच आवाजात. आम्हाला फोन करता येईल तुम्हाला."

सहदेवने फोन घेतला, वाचलं, परत तिला दिला. सोनल रडकुंडीला आली. "किती हट्टी आहात. आमच्यासाठी तरी."

जाताना तिने ते माझ्या फोनवर टाकून दिलं. "आई, तुला हवं तर."

मला हवं होतं. खोटं कशाला लिहू. तो दुपारी झोपला तेव्हा मी स्वयंपाकघरात दार लोटून टाइप केलं, "अगं, आमटीत मीठ कमी आहे." आणि बटण दाबलं.

फोन म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक शब्दाला वजन देऊन. जणू आमटीचा पडदा उघडतोय.

सहदेव घरात असं कधी बोलला नाही. घरात तो अर्धी वाक्यं गिळायचा, "अगं मीठ..." एवढंच म्हणून ताट पुढे सरकवायचा. कॅसेटमध्ये मंडपातला सहदेव आहे. घरातला कुणी टिपलाच नाही. कोण टिपतं?

फोनवरून ते काढून टाकलं. काढताना विचारतात, नक्की का? मी थोडा वेळ थांबले, मग हो केलं.

१४ ऑक्टोबर

हॉस्पिटलात बोलणं शिकवायला एक मुलगी आहे, स्वप्ना. हवा गिळायची आणि ढेकरासारखी वर आणून तिच्यावर शब्द करायचा. प, ट, क आधी जमतात म्हणे. म्हणून पापड, काकडी, बटाटा.

सहदेवने पहिला "पा" काढला तेव्हा मला हसू आलं. मग भीती वाटली की त्याला लागेल. तोच हसला, आवाजाशिवाय, खांदे हलवून. आता दिवसभर घरात पापड, काकडी, बटाटा. शेवंतीताईंनी काल खरंच पापड आणून दिले.

आवाज खोल आहे, घोगरा, ओला. कानाला बरा नाही. तरी मी आता उठून जात नाही.

१९ नोव्हेंबर

परवा स्कॅन झाला. आज डॉक्टर आधी सोनलशी बाहेर बोलले. ती आत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. मला म्हणाली, "छातीत थोडी सूज आहे आई. औषधं वाढवलीत." आता दर आठवड्याला ठाण्याहून येईन म्हणाली, सुट्टी टाकेल. बरं झालं, लेकीला बापासाठी वेळ मिळतोय.

सहदेवने मला पाटीवर लिहून विचारलं, "कपाटातल्या कॅसेट परत आल्या का?" आल्या म्हटलं. त्याने लिहिलं, "ऋतुराजकडेच देऊन टाक. मंडळाच्या आहेत."

स्वप्नाला त्याने वेळ वाढवून मागितला. आठवड्यातून एकदा जायचं ते आता एकाआड एक दिवस. इतकी घाई कसली, मी म्हटलं. तो "काकडी" म्हणाला.

२८ नोव्हेंबर

सकाळी मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली सोसायटीचा पंप सुरू होता. घरात काहीतरी आवाज झाला, कुणी जड वस्तू ओढल्यासारखा. परत झाला. घंटा नव्हती.

मी आत गेले. सहदेव दिवाणावर उठून बसलेला, हात उशीवर रोवलेले, मान पुढे. त्याने हवा गिळली आणि म्हणाला, "टा-की."

न्हाणीघरात वरची टाकी भरून वाहत होती. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

ऑपरेशननंतर त्याने पहिल्यांदा मला दुसऱ्या खोलीतून हाक मारली होती. घंटेने नाही, टाळीने नाही.

तो शब्द मला लगेच कळला होता. तरी मी दारात उभी राहिले, ओले हात पदराला पुसत, आणि म्हटलं, "काय म्हणालास? नाही कळलं. परत सांग."